संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना सलग दोनच मुदती असाव्यात का?

मूळ प्रस्ताव

आमच्या तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाची वार्षिक सर्वसाधारण सभा नुकतीच झाली. मतदानाचा हक्क असलेले सभासद सव्वाशेच्या वर आहेत, आले १४. गणसंख्येअभावी सभा तहकूब झाली आणि घटनेतील तरतुदीप्रमाणे अर्ध्या तासाने त्याच जागी, गणसंख्येच्या अटीशिवाय, पुन्हा भरली. सूचक आणि अनुमोदक मागच्या वेळचेच होते, आणि अध्यक्षांच्या नावापुढे ‘बिनविरोध’ हा शब्द इतिवृत्ताच्या वहीत सभा सुरू होण्यापूर्वीच लिहून ठेवलेला मी स्वतः पाहिला. अध्यक्ष २२ वर्षे त्या पदावर आहेत. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. परंतु या २२ वर्षांत संस्थेचा कारभार शिकलेला दुसरा माणूस आमच्याकडे तयार झालेला नाही, आणि मला खरी भीती वाटते ती याची.

म्हणून माझे मत असे आहे की, वाचनालये, मंडळे, क्लब, रहिवासी संघ अशा सर्वच संस्थांनी अध्यक्ष, चिटणीस आणि कोषाध्यक्ष या तीन पदांसाठी सलग दोन मुदतींची मर्यादा आपल्या घटनेत घालून घ्यावी. त्यासाठी सरकारकडे जाण्याचे कारण नाही. नियमावलीची दुरुस्ती सभासदच करू शकतात.

प्रतिसाद १

मी एका महिला मंडळाची चिटणीस असून ही माझी चौथी मुदत आहे, त्यामुळे हे लेखन मला उद्देशूनच आहे असे समजून उत्तर देते. मी पद धरून बसलेली नाही. दर वेळी सभेत ‘कोणी पुढे येणार का?’ असे मीच विचारते आणि सगळ्या जणी खाली पाहतात. चिटणिसाचे काम म्हणजे हारतुरे नव्हेत. दरवर्षी लेखापरीक्षण करून घ्यायचे, कार्यकारिणीत बदल झाला की ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट दाखल करायचा, त्याच्या तारखांना हजर राहायचे, ही सगळी कामे नोकरी आणि घर सांभाळून करावी लागतात.

आमच्या कोषाध्यक्ष अचानक वारल्या तेव्हा बँकेने नव्या सहीसाठी त्या चेंज रिपोर्टवरचा आदेश मागितला आणि तो हातात येईपर्यंत सात महिने आमचे खाते अडकून पडले. शिवणवर्गाच्या शिक्षिकेचे मानधन आम्ही चौघींनी वर्गणी काढून दिले. दर काही वर्षांनी तिन्ही पदे सक्तीने बदलली, तर हाच प्रसंग आपण आपल्या हाताने पुन्हा पुन्हा ओढवून घेऊ.

प्रतिसाद २

चिटणीसबाईंशी मी सहमत आहे आणि त्यात थोडी भर घालतो. महर्षी कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम सुरू केला. दोन मुदती संपल्या म्हणून त्यांना बाजूला व्हावे लागले असते, तर पुढचे काम कोणी उभे केले असते? संस्था माणसाच्या ध्यासावर चालतात. निवडणुका चुरशीच्या झाल्या म्हणजे संस्था निरोगी होते, असेही नाही. १८९५ मध्ये पुणे सार्वजनिक सभेची सूत्रे टिळकांच्या पक्षाकडे गेली, आणि लगेच १८९६ मध्ये रानडे-गोखल्यांच्या बाजूने डेक्कन सभा वेगळी निघाली. एवढ्या मोठ्या माणसांच्या संस्थेची ही गत झाली. आपल्या गावांत तर वाचनालयाची निवडणूक पाहता पाहता नगरपालिकेच्या राजकारणात ओढली जाते.

प्रतिसाद ३

कर्व्यांचा दाखला उलट बाजूने जातो. त्याच कर्व्यांनी १९०८ मध्ये निष्काम कर्म मठ काढला तो संस्थेला आयुष्य वाहून घेणारे कार्यकर्ते घडावेत म्हणून. आपल्यामागे काम कोण पाहील, याची तजवीज त्यांनी स्वतः हयात आणि कार्यक्षम असतानाच केली. आमच्या अध्यक्षांनी तसे काही केले असते, तर मर्यादेचा प्रश्न मी काढलाच नसता. (मूळ लेखकाच्याच वाचनालयाचा मी सभासद आहे आणि त्या १४ जणांत मीही होतो.)

सार्वजनिक सभेचेच उदाहरण घ्यायचे, तर १८७० मधला तिचा नियम पाहावा. सभासद होणाऱ्याला निदान ५० प्रौढ माणसांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. म्हणजे सभेत बसलेल्या प्रत्येकाच्या पाठीशी मोजून दाखवता येतील अशी माणसे होती. आज आपल्या अध्यक्षांच्या पाठीशी सूचक आणि अनुमोदक एवढे दोघेच आहेत.

प्रतिसाद ४

मी ३१ वर्षांची आहे आणि व्यवसायाने लेखापाल आहे. तरुण मुले पुढे येत नाहीत, हे वाक्य प्रत्येक सभेत ऐकते, म्हणून लिहिते. दोन वर्षांपूर्वी एका मंडळाचे हिशेब विनामूल्य लिहून देण्याची तयारी मी दाखवली. मला वार्षिक कार्यक्रमात पाहुण्यांना पुष्पगुच्छ देण्याचे काम मिळाले. पावतीपुस्तक आणि कीर्द मात्र कपाटातून बाहेर आली नाहीत. मी पुन्हा गेले नाही.

मूळ लेखकाचे उत्तर

चिटणीसबाईंची अडचण मी कमी लेखली होती, हे मान्य करतो. तिन्ही पदे एकाच वेळी बदलण्याची सूचना मी मागे घेतो. एका निवडणुकीत तिघांपैकी एकच पद बदलावे, म्हणजे बँकेतील दोन सह्या कायम राहतील आणि व्यवहार थांबणार नाही. जाणाऱ्याने शेवटचे वर्षभर आपल्या जागी येणाऱ्याला सहचिटणीस किंवा सहकोषाध्यक्ष म्हणून सोबत घ्यावे, कीर्द त्याच्याकडून लिहून घ्यावी, धर्मादाय कार्यालयातील तारखेलाही त्याला बरोबर न्यावे. मर्यादेवर मात्र मी ठाम आहे, कारण ती असल्याशिवाय ते कपाट उघडेल असे मला वाटत नाही.

नियमावलीतील दुरुस्तीचा मसुदा मी या आठवड्यात लिहून काढतो. प्रतिसाद ३ लिहिणाऱ्या गृहस्थांनी अनुमोदक व्हावे, अशी त्यांना विनंती आहे.