आठवीला मशीन लर्निंग शिकवायचंय: 40 मुलं, 5 लॅपटॉप, 8 तासिका

फळा_खडू
आठवीचा वर्ग, मराठी माध्यम. 35 मिनिटांच्या 8 तासिका मिळाल्या आहेत. इंटरनेट आहे, पण मधेच जातं. कोडिंग मुलांना येत नाही. व्याख्या पाठ करून घ्यायच्या नाहीत. यंत्र 'शिकतं' म्हणजे त्यात नेमकं काय बदलतं आणि ते चुकतं ते का, एवढं मुलांना स्वतःच्या हातांनी करून कळावं. साहित्य, प्रमाण आणि कुठे गडबड होते ते कृपया सांगा.

काडेपेटी
पहिल्या दोन तासिका लॅपटॉप बंदच ठेवा. 1961 मध्ये डोनाल्ड मिची यांनी 304 काडेपेट्या आणि रंगीत मणी वापरून फुली-गोळा शिकणारं यंत्र बनवलं होतं. तीच कल्पना सोप्या खेळात 8 कागदी कपांत बसते.

खेळ असा: 10 काड्या मांडायच्या, पाळीपाळीने 1 किंवा 2 उचलायच्या, शेवटची काडी उचलेल तो जिंकला. एका बाजूला मूल, दुसऱ्या बाजूला कप, म्हणजे आपलं यंत्र. पहिली चाल कायम कपांची. कपांवर 10, 8, 7, 6, 5, 4, 3, 2 हे आकडे लिहा. 9 काड्या असताना यंत्राची पाळी येतच नाही आणि 1 उरली तर ती उचलायचीच, म्हणून त्यांना कप नको. प्रत्येक कपात एक लाल मणी (1 उचल) आणि एक पांढरा (2 उचल). जितक्या काड्या उरल्या असतील त्या आकड्याच्या कपातून न बघता मणी काढायचा, तशी चाल करायची आणि मणी कपासमोरच ठेवायचा.

यंत्र जिंकलं तर सगळे मणी परत कपात. हरलं तर फक्त शेवटी काढलेला मणी कायमचा बाद. रिकाम्या कपाची पाळी आली तर यंत्राने हार मानायची आणि त्याआधी काढलेला मणी बाद करायचा.

5-5 मुलांचे 8 गट होतील, म्हणजे 64 कप आणि 128 मणी. मणी एकाच आकाराचे घ्या. राजमा आणि वाल घेतले तर बोटांना फरक कळतो आणि मुलं हवा तोच दाणा काढतात.

फळा_खडू
हरलेल्या डावातले सगळेच मणी का काढायचे नाहीत? चूक आधीच झालेली असू शकते ना?

काडेपेटी
असू शकते, पण आधीची चाल बरोबरही असू शकते. 10 मधून 1 उचलणं ही जिंकणारी चाल आहे, कारण समोर 9 उरतात आणि तिनाच्या पटीत पाळी आली की खेळणारा अडकतो. पुढे 2 च्या कपातून लाल निघाला आणि डाव गेला, म्हणून 10 च्या कपातला लालही काढलात, तर तिथे फक्त चुकीची चाल उरते. यंत्र कायमचं बिघडलं.

शेवटचाच मणी काढला तर शिकणं शेवटाकडून सुरुवातीकडे सरकतं आणि बाद होतात त्या फक्त वाईट चाली. असे मणी 16 पैकी 10 आहेत. म्हणून हे यंत्र 10 पेक्षा जास्त डाव हरूच शकत नाही. हा आकडा आधी सांगू नका, मुलांनाच शोधू द्या. एक गोष्ट मात्र मुद्दाम दाखवा: समोरचं मूल चुकीचं खेळत राहिलं तर यंत्र वाईट चालींनीही जिंकतं आणि ते मणी कपातच राहतात. कच्च्या खेळाडूकडून यंत्र कच्चंच शिकतं.

संगणक_कक्ष
तिसऱ्या तासिकेपासून टीचेबल मशीन घ्या, म्हणजे फोटो दाखवून यंत्राला गट ओळखायला शिकवायची गूगलची वेबसाइट. ते ब्राउझरमध्ये चालतं, खातं लागत नाही. मुलांचे चेहरे अजिबात वापरू नका, पानं आणा. आंबा आणि फणस, प्रत्येकी 20. त्यातली 5-5 आधीच पाकिटात बंद करून ठेवा, चाचणी त्यांच्यावरच. शिकवलेल्या पानांवरच चाचणी घेतली तर निकाल फसवा येतो.

पहिल्या फेरीत आंब्याची पानं पांढऱ्या कागदावर आणि फणसाची बाकावर ठेवून फोटो घ्यायला लावा, कारण सांगू नका. चाचणीत आंब्याचं पान बाकावर ठेवा. बऱ्याचदा 'फणस' असं उत्तर येतं, कारण दोन गटांत फरक करायला यंत्राला पार्श्वभूमीच सगळ्यात सोपी पडली. मग दोन्ही पानं दोन्ही जागी ठेवून पुन्हा शिकवा.

कॅमेऱ्याचं बटण दाबून धरलं की क्षणात कितीतरी फोटो जमतात, पण ते सगळे जवळपास एकसारखे. आकडा मोठा दिसतो, विविधता नसते. पान फिरवा, उलटं करा, उजेड बदला. शिकवणं चालू असताना टॅब बदलू नका.

शेवटी कंपासपेटी दाखवा. यंत्र तिलाही आंबा किंवा फणसच म्हणेल. टक्के दिलेल्या गटांतच वाटले जातात, त्यांची बेरीज 100 होते. 'माहीत नाही' म्हणायची सोय आपण दिलेलीच नाही. 'दुसरं काही' असा तिसरा गट करून बघायला सांगा.

शब्दगाडी
नेट गेलं तर हा प्रयोग आधी घ्या. फळ्यावर पाच वाक्यं: मुलगी शाळेत जाते. मुलगा शाळेत जातो. मुलगी शेतात खेळते. गाय शेतात चरते. बैल शेतात राबतो.

ज्या शब्दानंतर काही येतं, त्या प्रत्येक शब्दाचं एक पाकीट. त्यात पुढच्या शब्दाची चिठ्ठी, जितक्या वेळा आला तितक्या. 6 पाकिटं, 10 चिठ्ठ्या. आता 'मुलगी'पासून चिठ्ठ्या काढत वाक्य बनवा. 'मुलगी शेतात राबतो' निघेल: क्रियापद निवडताना यंत्राला फक्त 'शेतात' दिसतंय, कर्ता दिसत नाही. 'मुलगी शेतात चरते' हेही निघेल, आणि ते जास्त महत्त्वाचं आहे. व्याकरण शुद्ध, पण वाक्य खोटं. दोन चुकांना फळ्यावर वेगळे रकाने करा.

मग पाकिटावर मागचे दोन शब्द लिहा. दोन्ही चुका जातात, पण आता फळ्यावरचीच वाक्यं परत येतात आणि 'मुलगा शेतात' याला पाकीटच नाही. अशा जोड्या भरायला किती वाक्यं लागतील, हे मुलांना मोजायला लावा. चॅटबॉट मात्र अशी पाकिटं साठवत नाही, हेही स्पष्ट सांगा. तो खूप मागपर्यंतचे शब्द बघतो आणि शिकलेलं आकड्यांत ठेवतो, म्हणून न पाहिलेल्या जोडीपाशी अडत नाही. पुढचा शब्द शक्यतेवरून निवडणं दोन्हीकडे सारखंच.