अपघाताचा दावा आणि वकील : तुमचे अनुभव सांगा

भाच्याच्या दुचाकीला साताऱ्याजवळ हायवेवर ट्रकने धडक दिली. मांडीचं हाड मोडलंय, रॉड टाकलाय. एफआयआर, पंचनामा झालाय. आता भरपाईचा दावा लावायचाय आणि वकील कुठला धरायचा यावरून घरात तट पडलेत. ताई राहते कोल्हापूरला, अपघात साताऱ्यात, आणि दाजींच्या ओळखीचे एक मोठे वकील पुण्याचे. १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत आली आहे, त्यामुळे फार घोळ घालता येणार नाही. असा दावा लढवलेल्यांनी लिहा: वकील कसा मिळाला, फी कशी ठरली, पुढे काय झालं?

सांगलीकर :
कोल्हापुरातच लावा. दावेदार जिथे राहतो तिथल्या मोटार अपघात न्यायाधिकरणातही (असे दावे चालवणाऱ्या कोर्टातही) दावा चालतो. माझा अपघात सोलापूरकडे झाला, दावा सांगलीत लावला. आमचे वकील रोज त्याच कोर्टात. विमा कंपनीकडून कोण उभं राहतं, कुठला डॉक्टर साक्षीला खरंच येतो, सगळं तोंडपाठ. डॉक्टर ओपीडी उरकून दुपारी जरासा मोकळा होतो, तेवढ्यात साक्ष उरकावी लागते. पुण्याचा वकील तोवर खंबाटकी घाटात असेल.

गवंड्याचा पोरगा :
वडिलांना नाशिकला टेम्पोने उडवलं, उजवा खांदा गेला. अपंगत्वाचा दाखला ३५ टक्क्यांचा. वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत फाइल बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "काका, हात वर करा बघू." हात छातीच्या वर जाईना. "मग छताचं प्लास्टर कसं करणार?" सगळी केस त्या एका प्रश्नावर उभी राहिली. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार खटल्यात सांगितलंय की अंग किती टक्के निकामी झालं आणि कमाई किती टक्के बुडाली, हे हिशोब वेगळे. पगाराची स्लिप आमच्याकडे कुठून असणार? बाईंनी ठेकेदाराची हजेरीवही मागवली. सिमेंटने कडक झालेली पानं, दर शनिवारी वडिलांची वाकडी सही. ठेकेदारालाच पिंजऱ्यात उभं केलं. कमाईचं नुकसान ७० टक्के धरलं गेलं, वय ४२ म्हणून गुणक १४, म्हणजे वर्षाच्या नुकसानीची चौदापट. दाखल्यातल्या ३५ वर समाधान मानलं असतं तर हा आकडा बरोबर निम्मा झाला असता.

स्पष्टवक्ती :
दवाखान्याच्या कँटीनमध्ये कार्ड वाटत फिरणाऱ्यांना दारातच रामराम करा. आमचा भाऊ आयसीयूत होता आणि एक जण कोऱ्या वकीलपत्रावर सही मागत होता. "पंचवीस टक्के, आत्ता एक रुपयाही नको." निकालावर टक्केवारी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. तरी सर्रास चालतं, उगाच सोवळं कशाला दाखवू! आम्ही मात्र ठरावीक रक्कम टप्प्यांत दिली आणि पावत्या घेतल्या.

एडिसनचा मुक्काम :
इथे न्यू जर्सीत उलटं. टक्केवारी रीतसर, आणि तिला कोर्टाच्या नियमानेच लगाम: पहिल्या साडेसात लाख डॉलरपर्यंत एक तृतीयांश. हायवेवर वकिलांचीच होर्डिंग्ज. मी मात्र आमच्याच काउंटीतल्या एका छोट्या ऑफिसात गेलो. फोन स्वतः वकील उचलायचा.

लातूरची :
मिस्टर अपघातात गेले तेव्हा वकिलाला द्यायला हातात काही नव्हतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मिळाला. बाईमाणसाला तिथे उत्पन्नाची अट नसते. पोरगेलासा होता, नणंदेने नाकच मुरडलं. लोकअदालतीत कंपनीने आकडा टाकला, तेव्हा त्याने पाठकोऱ्या कागदावर मला समजावलं, लढलं तर साधारण किती मिळेल आणि किती वर्षं जातील. इथली तडजोड झाली की अपील नाही, हे पुन्हापुन्हा बजावलं. मी होकार दिला. मुलांच्या वाट्याचे पैसे एफडीत आहेत.

नेहमी वाचनमात्र :
मेडिक्लेम मिळाला म्हणून बिलं फेकू नका. ती रक्कम भरपाईतून वजा करायची नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२५ मध्ये ठरवलंय. आमच्या वकीलसाहेबांना याचा पत्ता नव्हता. मी मोबाईलवर निकाल दाखवला, तर चष्मा वर करून म्हणाले, "व्हॉट्सॲप करा की!"