मसाई मारात तंबूत राहायचं आहे, पण आईचे गुडघे…

मुक्ता_ठाणे
ऑगस्टमध्ये आईला (वय ६८) घेऊन केनियाला जायचं ठरतंय. तिथल्या मसाई मारा अभयारण्यात तीन रात्री. एजंट म्हणतो लॉज नको, लक्झरी टेंटेड कॅम्प घ्या. फोटोत पलंग, गालिचा, पितळी नळ सगळं दिसतंय, पण भिंत कापडाचीच ना! कुंपणही नाही म्हणे. आईचे गुडघे दुखतात, रात्री दोनदा उठते, शिवाय पक्की शाकाहारी. कोणी राहून आलंय का? ब्रोशर मीही वाचलंय, खरं काय ते सांगा.

सांगलीकर_काकू
मुक्ता, आम्ही दोघं सप्टेंबरात चार रात्री राहून आलो, ह्यांचं वय ७१. संडास-बाथरूम तंबूला मागून जोडलेलंच असतं, कमोड-फ्लशसकट. रात्री बाहेर पाऊल टाकावं लागत नाही, आणि टाकायचंही नाही. अंधार पडल्यावर जेवायला जायचं तरी बॅटरी हलवायची, मग अस्करी म्हणजे पहारेकरी न्यायला येतो. आमचा मसाई जमातीचा होता, लाल शुका म्हणजे त्यांची चादर पांघरलेला, हातात भाला. चालता चालता मध्येच थांबायचा, कान द्यायचा, मग "चला" म्हणून खूण करायचा. तेवढ्यात माझा घसा कोरडा.

आमचा कॅम्प तालेक नदीच्या काठी. पहिल्या रात्री दीडला जाग आली. कर्र… कर्र… जरा थांबून परत कर्र. माझं माहेर कवठेमहांकाळकडचं, गोठा घराला लागून. म्हैस वैरण ओढते ना, तोच आवाज, फक्त उशापासून दोन हातांवर. अर्धवट झोपेत मी ह्यांना म्हटलं, "दावं सुटलंय बघा." पाणघोडा होता! दिवसभर पाण्यात लोळतो आणि रात्री काठावर चरायला येतो. सकाळी बघितलं तर तंबूमागचं गवत न्हाव्याने मशीन फिरवावी तसं जमिनीलगत.

झिप मात्र तळापर्यंत लावायची. मी एका दुपारी विसरले, माकडांनी बाकरवडीचा पुडा फोडला. ह्यांनी दोन दिवस ऐकवलं.

अंघोळीला बादलीचा शॉवर. वेळ सांगायची, माणूस बाहेरून वरच्या टाकीत गरम पाणी ओततो. साबण लावून गाणी म्हणत बसलात तर पाणी संपतं. आईंसाठी स्टूल मागून घे. जेवणाची चिंताच नको, भारतीय पाहुणे एवढे येतात की डाळ-भात सांगावा लागला नाही. चपाती तर तिकडचीच झालीय, स्वाहिलीतही चपातीच म्हणतात.

गुडघ्यांना त्रास तंबूचा नाही, जीपचा. पायरी उंच, रस्ता खड्ड्यांचा. नैरोबीहून गाडीने पाच-सहा तास हाडं खिळखिळी होतात. विल्सन विमानतळावरून छोटं विमान पाऊण तासात सोडतं. पैसे जातात, पण आईंसाठी तेच कर. सामान माणशी १५ किलो, तेही मऊ बॅगेत. ह्यांची कडक सूटकेस नैरोबीच्या हॉटेलातच ठेवावी लागली. आणि कानटोपी घ्या. मारा दीड हजार मीटर उंचीवर आहे, पहाटे सहाला उघड्या जीपमध्ये दात वाजतात.

नैरोबीकर
काकूंच्या बाकरवडीत भर: प्लास्टिकच्या पिशव्यांवर इथे २०१७ पासून बंदी आहे, खाऊ कापडी पिशवीत आणा. माराची प्रवेश फी परदेशी प्रौढाला जुलै ते डिसेंबर दिवसाला २०० डॉलर, एरवी १००. एजंटच्या आकड्यात ती धरलीय का, लेखी विचारा. आणि यलो फीवरची लस! लस घेतल्यापासून १० दिवसांनी तिचा दाखला लागू होतो. तो नसेल तर परतताना भारतातल्या विमानतळावर अडवून विलगीकरणात ठेवतात. साठीच्या पुढे ही लस डॉक्टरांना विचारूनच घ्यायची, त्यामुळे आईंना आधी दाखवून घ्या, मग तिकिटं काढा.

मुक्ता_ठाणे
लसीबद्दल एजंट चकार शब्द बोलला नव्हता. उद्याच डॉक्टरांकडे जाते. काकू, जेवणाच्या तंबूजवळचा तंबू मागितला तर देतात का? आईला कमी चालावं लागेल.

सांगलीकर_काकू
देतात, बुकिंगलाच लिहून घे. आमच्याबरोबरच्या एका बाईंनी तसाच घेतला होता. त्यांना रात्री उशिरापर्यंत स्वयंपाकघरातली भांडी ऐकू आली, पाणघोडा नाही. सकाळी माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं तो कसा चरत होता ते.