मदत हवी आहे : सुलोचनाची 'अनारकली' नक्की कुठली??

घाईत_गौरी
उद्या सकाळी अकराला दहा मिनिटं बोलायचंय आणि अजून सालच जमत नाहीये. सुलोचनाची सिनेमातली अनारकली कधीची? एकीकडे १९२८, एकीकडे १९३५, आणि माझ्याकडे जे आहे त्यावर १९५३. गूगल करून झालंय, ते सांगू नका. प्लीज लवकर.

खमंग_चिवडा
सुलोचनादीदी आणि अनारकली?? अहो त्या भालजी पेंढारकरांच्या तालमीतल्या, २०२३ ला गेल्या. तिथे भलतंसलतं बोलू नका.

घाईत_गौरी
त्या नाही हो, मूकपटातली!

ढोलकीवाला
सुलोचना चव्हाण का? काय आवाज होता, त्यांची लावणी लागली की अजून…

घाईत_गौरी
दादा, मूकपटात लावणी कशी ऐकू येईल 🙏

जुनं_खोड
रूबी मायर्स म्हणायचंय तुम्हाला, पडद्यावरचं नाव सुलोचना. हे आधी लिहायला काय झालं होतं? जन्म पुण्याचा, १९०७, बगदादी ज्यू. टेलिफोन ऑपरेटर होती, दिग्दर्शक मोहन भवनानींनी कोहिनूर फिल्म कंपनीत आणली, नंतर इंपीरियल फिल्म कंपनीत गेली. १९२७ च्या 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे'त एकटीने आठ भूमिका केल्यात. बोलपट आले आणि पंचाईत झाली, हिंदुस्तानी धड बोलता येईना, मग वर्षभर काम थांबवून भाषा शिकली आणि १९३२ ला 'माधुरी' घेऊन परत आली. बरं, ते १९५३ चं तुमच्याकडे आहे काय नक्की? पोस्टर?

घाईत_गौरी
गाण्यांची पुस्तिका, आजीच्या ट्रंकेतली. पिनेला गंज चढून मधलं पान सुटलंय. आत सुलोचना छापलंय आणि अनारकली म्हणून फोटो बीना रायचा, म्हणून तर डोकं फिरलं.

जुनं_खोड
मग तिन्ही सालं बरोबर! १९२८ चा मूकपट, १९३५ चा बोलपट, दोन्हीत अनारकली हीच. १९५३ ला अनारकली बीना राय आणि सुलोचना सलीमची आई. पंचवीस वर्षांत प्रेयसीची सासू झाली म्हणा.

फिल्मी_मास्तर
पण भाषणाची सुरुवात कमलाबाई गोखल्यांपासून करा, भारतीय सिनेमातली पहिली नटी त्याच.

नाट्यवेडी
चूक. 'मोहिनी भस्मासुर', १९१३, त्यात कमलाबाईंच्या आई दुर्गाबाई कामतही होत्या. पहिलीचा मान आईला द्या की.

फिल्मी_मास्तर
मोहिनी कोण होती मग? कमलाबाईच ना?

खमंग_चिवडा
ती पुस्तिका लॅमिनेट करून टाका आधी.

जुनं_खोड
लॅमिनेट अजिबात नको!! पिन हलक्या हाताने काढा आणि साध्या कागदाच्या पाकिटात ठेवा.

घाईत_गौरी
जुनं खोड काका, जीव वाचवलात. त्या आठ भूमिकांची क्लिप मिळेल का कुठे? स्क्रीन आहे तिथे.

जुनं_खोड
नाही मिळणार. त्याची प्रिंटच उरलेली नाही. त्या आजीच्या पुस्तिकेचा फोटो लावा, गंजासकट. आणि १९७३ चा फाळके पुरस्कार विसरू नका.

सह्याद्री_पुत्र
धागा वाचला नाही, पण मी सुलोचनादीदींवर मोठा लेख लिहिलाय, लिंक देऊ का?