प्रोटॉनच्या प्रकीर्णनातून केंद्रकाची रचना: इलेक्ट्रॉन पुरेसा का नाही?

कृष्णाकाठ (सांगली): मी एम.एस्सी. पदार्थविज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. इलेक्ट्रॉनच्या प्रकीर्णनाने, म्हणजे इलेक्ट्रॉन केंद्रकावर सोडून ते कोणत्या कोनात विखुरतात हे पाहून, केंद्रकाचा आकार फार अचूक मोजता येतो. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट हॉफस्टॅटर यांना १९६१ चे नोबेल त्याच कामासाठी मिळाले. इलेक्ट्रॉनची आंतरक्रिया आपल्याला नेमकी ठाऊक आहे, उलट प्रोटॉन ज्या प्रबल बलाने (प्रोटॉन-न्यूट्रॉनांना केंद्रकात बांधून ठेवणाऱ्या बलाने) केंद्रकाशी भिडतो ते प्रतिमानांच्या आधारेच मांडावे लागते. मग प्रोटॉन किंवा अल्फा कणांचा (दोन प्रोटॉन व दोन न्यूट्रॉन असलेल्या हेलियम केंद्रकांचा) मारा करून रचना अभ्यासण्याचा आग्रह कशासाठी?

अजिंक्यतारा (सातारा): प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर न्यूट्रॉनमध्ये आहे. इलेक्ट्रॉनला मुख्यतः विद्युतभार जाणवतो, त्यामुळे शिसे-२०८ मधील ८२ प्रोटॉन कसे पसरले आहेत हे तो उत्तम सांगतो, पण उरलेल्या १२६ न्यूट्रॉनांविषयी जवळजवळ मौन पाळतो. प्रोटॉनवर प्रबल बल दोघांकडूनही कार्य करते. किंबहुना दोन-तीनशे एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेला प्रोटॉन-न्यूट्रॉन टक्कर प्रोटॉन-प्रोटॉन टकरीपेक्षा अधिक संभाव्य असते.

एक गणित स्वतः करून पाहावे. २०० एमईव्ही प्रोटॉनची तरंगलांबी सुमारे १.९ फर्मी (एक फर्मी म्हणजे मीटरचा १०^-१५ वा भाग), तर शिशाच्या केंद्रकाची त्रिज्या सुमारे ७ फर्मी. त्यामुळे कोनीय वितरणात विवर्तनाचे चढउतार दिसतात आणि दोन लघुतम बिंदूंमधील अंतर तरंगलांबी भागिले दुप्पट त्रिज्या, म्हणजे जवळपास ८ अंश येते. कॅल्शियम-४० साठी तेच अंतर १३ अंशांच्या आसपास जाते. आलेख पाहताच केंद्रक लहान की मोठे हे कळते, ही मला या विषयातील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

कोयनाकाठ: अल्फा कणाविषयी थोडी भर घालतो. त्याचे स्पिन (अंगभूत कोनीय संवेग) आणि आयसोस्पिन (प्रोटॉन व न्यूट्रॉन यांत भेद करणारी पुंज संख्या) दोन्ही शून्य असल्यामुळे, प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून एकाच तालात हलतात अशी आंदोलनेच तो प्रामुख्याने उद्दीपित करतो. त्यांपैकी संपूर्ण केंद्रक आकुंचन-प्रसरण पावण्याचे आंदोलन शिसे-२०८ मध्ये सुमारे १४ एमईव्हीला सापडते आणि त्यावरून अणुकेंद्रकीय द्रव्य दाबण्यास किती कठीण आहे हे ठरवता येते. मात्र शून्य अंशाच्या अगदी जवळ मोजावे लागते, जिथे न विखुरलेला मूळ झोत आडवा येतो. प्रयोगाचा खरा कस तिथेच लागतो.

कृष्णाकाठ (सांगली): दोघांचेही आभार. पण सर, प्रबल बलाचे प्रतिमान अपुरे असेल, तर त्यातून काढलेल्या न्यूट्रॉनांच्या विस्तारावर विश्वास कसा ठेवावा?

अजिंक्यतारा (सातारा): जपानमधील ओसाका येथील गटाने २९५ एमईव्ही प्रोटॉन वापरताना यावर चांगला मार्ग काढला. निकेल-५८ मध्ये २८ प्रोटॉन आणि ३० न्यूट्रॉन असल्याने दोघांची वितरणे जवळपास सारखी धरता येतात, आणि प्रोटॉनांचे वितरण इलेक्ट्रॉनमुळे आधीच माहीत असते. म्हणून केंद्रकाच्या आत बल कसे बदलते हे निकेलवर निश्चित केले आणि मग तेच बल शिशाला लावले. न्यूट्रॉनांची बाहेरची साय, म्हणजे न्यूट्रॉन प्रोटॉनांपेक्षा जितके बाहेर पसरलेले असतात तो थर, त्यातून सुमारे ०.२१ फर्मी जाडीची निघाली. अमेरिकेत जेफरसन प्रयोगशाळेत क्षीण बलाच्या (बीटा क्षयामागील बलाच्या) आधारे, म्हणजे अगदी वेगळ्या वाटेने, २०२१ मध्ये जाहीर झालेला आकडा ०.२८ फर्मी असून त्यातील अनिश्चितता ०.०७ आहे. दोन्ही आकडे मर्यादेत जुळतात, परंतु ०.२८ हा मध्य आकडा टिकला, तर न्यूट्रॉन ताऱ्यांच्या त्रिज्येविषयीचे अंदाज वाढवावे लागतील.