ऑप्टिकल ब्राइटनर वाढवलं तर कापड हिरवट का पडतं?

तागा_४०
सुती होजिअरीचं कापड पेरॉक्साइडने ब्लीच करताना त्याच बाथमध्ये (रसायनाच्या द्रावणात) स्टिल्बीन या रसायनवर्गातलं ब्राइटनर घातलं जातं. कापडाच्या वजनावर ०.४ टक्क्यापर्यंत पांढरेपणा चढत गेला, ०.८ ला मात्र कापड हिरवट दिसायला लागलं. शिवाय खिडकीपाशी शुभ्र दिसणारा तागा एलईडी दिव्याखाली मळकट दिसतो. डोस चुकतोय की ब्राइटनर? आणि हे नेमकं निळीपेक्षा वेगळं कसं?

शुभ्रांक
आधी नीळ, कारण बाकीचं उत्तर त्यातच आहे. पिवळट कापडातून निळा प्रकाश कमी परततो. नीळ उरलेल्यातला पिवळा भाग शोषून तोल साधते, म्हणजे एकूण प्रकाश घटतोच. म्हणून नीळ जास्त झाली की कापड करडं पडतं. ब्राइटनर डोळ्याला न दिसणारे ३४० ते ३७० नॅनोमीटरचे अतिनील किरण शोषून ४३५ च्या आसपास निळा प्रकाश सोडतं. इथे प्रकाशात भर पडते.

एलईडीचा उलगडा यातच होतो. नेहमीच्या पांढऱ्या एलईडीत अतिनील किरण जवळजवळ नसतात, त्यामुळे ब्राइटनर निष्क्रिय राहतं आणि खालचं कापड जसं ब्लीच झालंय तसं उघडं पडतं. तुमचा पाया पिवळट आहे, ब्राइटनर तो फक्त झाकतंय.

हिरवटपणा जास्त डोसचा. धाग्यावर रेणूंची दाटी झाली की ते एकमेकांची चमक विझवतात, आणि त्यांचं शोषण दृश्य जांभळ्या प्रकाशापर्यंत सरकतं. जांभळा गेला की हिरवट-पिवळं उरतं. एकाच ब्लीच केलेल्या कापडाचे तुकडे घेऊन ०.१ पासून ०.१ च्या पायरीने ०.६ पर्यंत डोस द्या, प्रत्येकाचा सीआयई व्हाइटनेस (पांढरेपणाचा प्रमाणित आकडा) आणि टिंट (हिरवट की लालसर झाक) मोजा. आकडा चढायचा थांबला की त्याच्या एक पायरी खाली थांबा. आणखी पांढरं हवं असेल तर ब्लीचिंग सुधारा, किंवा अगदी नगण्य मात्रेत जांभळा शेडिंग डाय (झाक सुधारणारा रंग) द्या.

बाथ_मास्तर
डोसआधी बाथ तपासा. पाण्यात लोह असेल तर ते चमक विझवतं, वर पेरॉक्साइडही झपाट्याने फोडतं. कॅटायनिक (धन भाराचं) सॉफ्टनर त्याच बाथमध्ये कधीच नको: ब्राइटनर अॅनायनिक (ऋण भाराचं), दोघं जोडी करून खाली बसतात आणि कापडावर पिवळे डाग उमटतात. सॉफ्टनर नंतर, वेगळ्या बाथमध्ये.

स्टॉक द्रावण पारदर्शक बाटलीत उजेडात ठेवलं तर ब्राइटनरच्या रेणूचा आकार बदलतो, ट्रान्स रूपाचं सिस रूप होतं. सिस रूप चमकतही नाही आणि कापसाला नीट धरतही नाही, मग डोस बरोबर असूनही पांढरेपणा येत नाही. गडद भांडं वापरा, रोज ताजं बनवा. हायपोक्लोराइटच्या (क्लोरीन ब्लीचच्या) बाथमध्येही हे ट्रायझिन-स्टिल्बीन प्रकारचं ब्राइटनर टिकत नाही, तिथे डायस्टायरिल बायफेनिल प्रकारचं घ्या.

दाणेदार
प्लास्टिकवाल्यांसाठी जोड. टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या रंगद्रव्याचं रुटाइल हे स्फटिकरूप अतिनील किरण स्वतःच गिळतं, ब्राइटनरच्या वाट्याला फार थोडे उरतात. अॅनाटेज हे दुसरं रूप तुलनेने बरं. अतिनील शोषक स्टॅबिलायझर असला तरी हीच गत. पॉलिएथिलीनमध्ये विरघळण्याच्या मर्यादेपलीकडे ब्राइटनर गेलं की काही दिवसांत पृष्ठभागावर पिवळट पावडर येते. साफ करून भागत नाही, डोसच कमी करावा लागतो.

कागदात प्रकार पाण्यात विरघळण्यावर ठरतो: लगद्यात डायसल्फो (रेणूत दोन सल्फो गट), साइझिंगला (कागदावर स्टार्चसारखा थर देताना) बहुधा टेट्रा (चार), कोटिंगला हेक्सा (सहा). नोटांच्या कागदात मात्र ब्राइटनर मुद्दाम टाळतात, म्हणजे अतिनील दिव्याखाली कागद काळोखा राहतो आणि सुरक्षा धागे तेवढे उजळतात.

तागा_४०
मोजताना यंत्राच्या दिव्यात अतिनील किती आहे हे कसं ठरवायचं? दोन यंत्रांवर एकाच तुकड्याचे आकडे जुळत नाहीत.

शुभ्रांक
व्हाइटनेस माहीत असलेला प्रतिदीप्त (ब्राइटनरसारखा चमकणारा) नमुना ठेवून यंत्राचं अतिनील प्रमाण डी६५ ला, म्हणजे प्रमाणित दिवसाच्या उजेडाला, जुळवून घ्या, आणि ते वेळोवेळी करा, कारण झेनॉन दिवा जुना होत जातो. मग तोच तुकडा ४२० नॅनोमीटरचा (अतिनील अडवणारा) फिल्टर लावून आणि काढून मोजा. दोन आकड्यांतला फरक ब्राइटनरचा, फिल्टर लावलेला आकडा तुमच्या ब्लीचिंगचा. एलईडीखालचा मळकटपणा या फिल्टर लावलेल्या आकड्यात सापडेल.