मदत हवी आहे: जुळी, बीपी, ३१वा आठवडा. बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेजात) आत्ताच हलवावं का?

मंडळी, घाईत लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

माझी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय, आमचं गाव दोडामार्ग तालुक्यात. जुळी आहेत, ३१वा आठवडा लागलाय आणि गेल्या आठवड्यापासून बीपी १५०/१०० च्या खाली येईना, लघवीत प्रोटीन पण आलंय. कार्डावर जोखमीचं लाल स्टिकर आधीपासूनच आहे. मी पुण्यात, घरी आई-बाबा आणि ती.

पूर्वी जवळच्या सरकारी दवाखान्यात अशा डिलिव्हरी व्हायच्या, काकीचं सिझर तिथलंच. आता भूलतज्ज्ञ नाही म्हणून जोखमीचं काही दिसलं की पुढे पाठवतात. बरं, सोय नसताना ठेवून घेण्यापेक्षा ते परवडलं. पण परवा बाबा तिला घेऊन पुढच्या हॉस्पिटलला गेले तर तिथे सांगितलं की तिला खाट देऊ पण बाळं लवकर आली तर दोन वॉर्मर (बाळं ऊबेत ठेवायची खाटली) एकदम रिकामे असतीलच असं नाही, तेव्हा वेळ आली तर बांबोळीला न्या. वेळ आली तर! आजूबाजूच्या सगळ्या जोखमीच्या बायका एका जागी वळवल्या, मग तिथले वॉर्मर आणि रात्रपाळीच्या सिस्टर कोणी वाढवल्या का? का नुसते पेशंटच शिफ्ट झाले?

आई म्हणते, "रवळनाथाक गाराणा घातलंय, सगळा बरा जातला." मी काय बोलणार.

तर विचारायचं होतं की गोवा मेडिकल कॉलेजला आत्ताच, म्हणजे कळा नसताना, नुसती चिठ्ठी घेऊन गेलं तर ठेवून घेतात का. २०१८ ला गोव्याबाहेरच्यांना पैसे सुरू झाले होते ते आठवतंय, आता महात्मा फुले योजना तिथे चालते का? आणि १०८ हद्द ओलांडून नेते का, की पत्रादेवीला गाडी बदलावी लागते? कोल्हापूरचं सीपीआर (तिथलं मोठं सरकारी हॉस्पिटल) पण कोणीतरी सुचवलं, पण या पावसात घाट चढून न्यायला जीव धजत नाही.

तेरेखोलकाठ: ताई, आमच्या वहिनीला दोन वर्षांमागे १०८ नेच थेट बांबोळीत नेलं, गाडी बदलली नाही. मात्र चिठ्ठी सरकारी दवाखान्याची हवी. पैशाचं तिथल्या समाजसेवा विभागात विचारा, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. आणि तिथेपण खाली गादी मिळू शकते, मनाची तयारी ठेवा.

रात्रपाळी: मी १४ वर्षं लेबर रूमला आहे, वेगळ्या जिल्ह्यात. "खाट आहे का" असं विचारू नका, खाट कुठेही निघते. "३४ आठवड्यांच्या आतली दोन बाळं घ्याल का" असं विचारा, आणि तेही तुम्ही नाही, तुमच्या डॉक्टरांनी तिथल्या डॉक्टरांना फोन करून. बाळं पोटात असताना नेणं केव्हाही चांगलं, जन्मल्यावर एवढीशी बाळं गाडीत गार पडतात. बाळांच्या फुफ्फुसासाठीची इंजेक्शनं (लवकर जन्मली तर श्वासाला मदत व्हावी म्हणून आईला देतात) द्यायची का हे आजच विचारा. सरकारीत त्याचे, म्हणजे डेक्साचे (डेक्सामेथासोन), चार डोस असतात, १२-१२ तासांनी, त्यामुळे ऐनवेळी पळालात तर कोर्स अर्धवट राहतो. कुठला डोस किती वाजता दिला ते चिठ्ठीवर लिहून घ्या, बीपीचा तक्ता, रक्तगट आणि शेवटची सोनोग्राफी जोडा. डोकं ठणकलं, डोळ्यापुढे चमकलं किंवा वरच्या पोटात दुखलं तर फोनाफोनी करत बसू नका, १०८ लावा आणि जवळच्या दवाखान्यात मॅगसल्फचा (बीपीमुळे झटके येऊ नयेत म्हणून देतात तो) डोस घेऊनच पुढे निघा. एका दवाखान्यातून दुसऱ्यात न्यायची गाडी जननी शिशू योजनेत मोफत आहे, ड्रायव्हरने डिझेलचे मागितले तर देऊ नका.

धागाकर्ती: रात्रपाळी, खूप आभार. बाबांना तुमचा प्रतिसाद फोनवर वाचून दाखवला, त्यांनी तो कॅलेंडरच्या मागे लिहून घेतलाय. डॉक्टरांनी आपणहून बांबोळीला फोन लावला, उद्या सकाळी चिठ्ठी घेऊन बोलावलंय, पहिला डोस आज संध्याकाळी ६ ला दिला. मी रात्रीच्या गाडीने निघतेय, म्हापशाला उतरेन. योजनेचं अजून कोणाला माहीत असेल तर लिहा प्लीज, आणि बांबोळीच्या आसपास दोन माणसांना आठ-दहा दिवस राहायची स्वस्तातली सोय असेल तर तेही.